गोधडीचं अस्तर: स्वस्तात कोणतं कापड घ्यावं आणि जोड कुठे द्यावा?

पारोळ्याची_सून

नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी आई गेली. तिच्या चार सुती नऊवारी माझ्याकडे आहेत. नेसवत नाहीत, बोहारणीला द्यायच्या नाहीत, म्हणून गोधडी शिवायला घेतली आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेक माहेरी येईल तेव्हा तिच्या हातात द्यायची असं मनात आहे.

वरची बाजू आणि आतले थर आईच्या लुगड्यांचेच होतील. अडलंय ते खालच्या बाजूसाठी, म्हणजे अस्तरासाठी. माप ६० इंच बाय ९० इंच. घरातली जुनी सुती कापडं संपली, आता सगळ्या साड्या सिंथेटिक. पाच वर्षांपूर्वी एका गोधडीला मी तसल्याच साडीचं अस्तर लावलं होतं. ती खाटेवरून रात्रभर घसरत राहायची, आणि चैत्रात गच्चीवर अंगाखाली घेतली की पाठ भिजून जायची. ती चूक परत करायची नाही.

प्रश्न दोन. पाचशे रुपयांच्या आत चांगलं सुती अस्तर कशाचं होईल? आणि कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, कमी पडतो, तर जोड उभा द्यावा की आडवा? दुकानदार सरळ पाच मीटर घ्या म्हणतो.

गिरणाई

आधी आईच्या लुगड्यांची गोधडी करताय त्याबद्दल नमस्कार तुम्हाला. माझ्या आजीची अशीच एक आहे, तीस वर्षं झाली. वरची बाजू विरली, पण खालची शाबूत आहे, कारण खाली आजोबांची धोतरं आहेत. घरात किंवा भावकीत जुनी धोतरं मिळतात का बघा. धोतरासारखं अस्तर नाही. फुकट आणि मऊ.

कपाशीवाला_चोपडा

धोतर नेसणारी पिढीच गेली, ताई धोतर आणणार कुठून? मांजरपाट, म्हणजे साधं कोरं सुती कापड, घ्या आणि मोकळ्या व्हा. आमच्याकडे मजुरांच्या गोधड्यांना वर्षानुवर्षं मांजरपाटच लागतो. मागच्या महिन्यात ४४ पन्ह्याचा ५५ रुपये मीटरने आणला.

सुई_दोरा (धुळे)

मी शिंपीकाम करतो, गोधड्याही शिवून देतो. थोडं सविस्तर लिहितो, कारण या प्रश्नात बायकांचे पैसे उगाच जातात.

पहिलं, दुकानात "कॉटन" म्हणून मिळणारं पॉपलिन हल्ली बऱ्याचदा मिक्स असतं. परकराच्या पॉपलिनमध्ये तर फारच. कडेचे चार धागे ओढून घ्या आणि काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचा, राख बोटात चुरगळते. पॉलिस्टर असेल तर आकसतं, वितळतं आणि टोकाला टणक मणी होतो. थोडं वितळलं आणि थोडी राख झाली तर मिक्स. दुकानदाराला राग येत असेल तर अर्धा मीटर घेऊन घरी जाळून बघा, मग पुढचं घ्या.

दुसरं, खळ. स्वस्त मांजरपाटाला भरपूर खळ असते. हातात घट्ट वाटतो, धुतला की जाळीसारखा होतो. दुकानातच कापड दोन्ही मुठींत धरून जोरात चोळायचं. पांढरी भुकटी पडली आणि चोळलेली जागा विरळ दिसायला लागली की ते कापड ठेवून द्या. मग उजेडासमोर धरा. धागे एकसारखे जवळ हवेत, मध्ये मध्ये फटी नकोत.

तिसरं, धुतल्याशिवाय शिवायचं नाही. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी गरम पाण्यात साबणाने धुवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा. माझ्या अनुभवात मीटरमागे ५-६ सेंटीमीटर कापड आटतं, कधी जास्तही. हे आटणं गोधडी शिवल्यावर झालं तर वरची बाजू सुरकुतते.

जोडाचं रात्री लिहितो, आता गिऱ्हाईक आलं.

तापीकाठ

मनी माय म्हने, "वरलं दखाले, खालनं जपाले." बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्या अहिराणीत जपणं म्हणजे झोपणं. वरची नक्षी पाहुण्यांसाठी, अंगाला लागतं ते खालचं. म्हणून खालच्या कापडात काटकसर करताना हात लावून बघा, भाव नंतर विचारा.

मुंबईकर_खान्देशी

एवढं कशाला? सिंगल बेडची सुती चादर ६० बाय ९० मध्येच मिळते. जोडच नको. सेलमध्ये तीनशेला येते. मी दोन गोधड्यांना लावली.

सुई_दोरा (धुळे)

@मुंबईकर_खान्देशी, मशीनवर शिवणार असाल तर चालेल. हाताने शिवायची असेल तर चादर बघून घ्यावी. दाट विणीच्या चादरीत सुई अडते, दहा टाक्यांनंतर बोट दुखतं. शिवाय ६० बाय ९० ची चादर ६० बाय ९० च्या गोधडीला पुरत नाही. धावदोरा घालताना कापड आत ओढलं जातं, अस्तर चारही बाजूंनी दोन-दोन इंच जास्त लागतं. धुतल्यावर चादरही आटते. तुमच्या गोधड्या थोड्या लहान झाल्या असतील.

मुंबईकर_खान्देशी

झाल्या खऱ्या! पाय बाहेर राहतात. मला वाटलं माझीच उंची वाढली.

सातपुडा_शहादा

आमचं गाव गुजरातच्या हद्दीजवळ. सुरतेचा माल किलोवर येतो, कटपीसचे गठ्ठेच्या गठ्ठे. स्वस्त म्हणून सगळे धावतात. पण ताईंनी जे सोसलं तेच त्यात आहे, बहुतेक माल सिंथेटिक. किलोवर घेताना सुती कापड निवडून काढायला अर्धा दिवस जातो, तेव्हा गठ्ठ्यातून चार तुकडे निघतात. वेळ असेल तर जा, आखाजी जवळ असेल तर नको.

उन्हाळ्यात इकडे ४४-४५ अंशांत माणूस ओट्यावर नाहीतर गच्चीवर झोपतो. अंगाखाली सुतीच हवं, घाम शोषला पाहिजे. यात तडजोड नको.

निवृत्त_मास्तर_फैजपूर

खादीचा विचार कोणीच केला नाही याचं नवल वाटलं. मी फैजपूरचा. १९३६ साली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आमच्या गावी झालं. मंडप आणि सजावट नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्याच साध्या वस्तू वापरून केली होती. माझे वडील तेव्हा लहान होते. घरात त्या काळापासून खादी होती, आणि जुनी झाली की ती थेट गोधडीतच जायची.

अस्तर म्हणून खादीचे गुण सांगतो. हातकताईचा धागा एकसारखा नसतो, वीणही फार आवळलेली नसते, त्यामुळे सुई लोण्यासारखी जाते. पन्हा बहुधा ३६ इंच. एरवी महाग वाटते, पण गांधी जयंतीपासून खादी भांडारात सूट सुरू होते तेव्हा घेऊन ठेवावी. यंदा उपयोग नाही, दुसऱ्या गोधडीसाठी लक्षात ठेवा.

कपाशीवाला_चोपडा

मास्तर, खादी पाच मीटर घ्यायची म्हणजे सूट धरूनसुद्धा पाचशेच्या वर जाते. ताईंची अट पाचशेची आहे.

निवृत्त_मास्तर_फैजपूर

मान्य. म्हणूनच दुसऱ्या गोधडीसाठी म्हटलं. पण भांडारात तुकड्यांची टोपली असते ती बघावी, दीड-दोन मीटरचे तुकडे निघतात. अस्तराला तुकडे चालतातच की.

सुई_दोरा (धुळे)

आता जोडाचं. ताई, कागद-पेन्सिल घ्या.

गोधडी ६० बाय ९०. कडा धरून अस्तर ६४ बाय ९४ हवं.

३६ पन्ह्याचं कापड असेल तर उभेच जोडा. ९४ इंचाचे दोन लांब (पूर्ण पन्ह्याचे उभे तुकडे), जोडून ७१ इंच रुंदी मिळते, आटून ६७-६८. कापड जवळजवळ वाया जात नाही. आटण्याचं धरून पाच मीटर लागतं. दुकानदाराचा हिशोब ३६ पन्ह्याला बरोबर आहे.

पण ४४ पन्ह्यालाही तो पाचच मीटर सांगत असेल तर ऐकू नका. उभे दोन लांब जोडले की रुंदी ८७ होते, तुम्हाला हवी ६४. वीस-बावीस इंच कापड उगाच कापून टाकावं लागतं. तेच कापड आडवं घ्या. ६४ इंचाचे दोन तुकडे, म्हणजे १२८ इंच, सव्वातीन मीटर. आटण्यासाठी साडेतीन घ्या. हे दोन तुकडे लांबीच्या दिशेने जोडले की धुतल्यानंतर ८३-८४ इंच भरतात. ९४ ला दहा-अकरा इंच कमी पडले ना? तिथे आईच्या लुगड्यातली बारा इंचाची पट्टी घाला. पट्टी टोकाला नको, दोन तुकड्यांच्या मध्ये घाला. दीड मीटर कापड वाचलं, आणि जोड बरोबर मधोमध येत नाही हा दुसरा फायदा.

मधोमध जोड का नको? आपण गोधडी आधी मध्यावर दुमडतो. रोज त्याच रेषेवर घडी पडते, तिथेच जोडाची जाडी असते, म्हणून कापड तिथेच पहिलं झिजतं.

जोडण्याआधी कापडाचा काठ दोन्ही बाजूंनी कापून टाका. काठ आवळून विणलेला असतो, बाकीच्या कापडाइतका सैलावत नाही. तो जोडात राहिला की शिवण चुण्या घेते. अर्धा इंच आत मशीनची टीप मारा, दोनदा मारली तर उत्तम, आणि शिवणीची माया, म्हणजे टिपेबाहेरचं कापड, एकाच बाजूला इस्त्रीने पाडा.

गिरणाई

दादा, हे सोन्यासारखं लिहिलंत. एक शंका. डबल बेडच्या गोधडीला काय करायचं? तिथे ४४ चे दोन लांब जोडले की जोड मधोमधच येणार.

सुई_दोरा (धुळे)

तिथे एक लांब अख्खा मध्ये ठेवा. दुसरा लांब उभा चिरून अर्धा इकडे, अर्धा तिकडे. कापड तेवढंच लागतं, एक शिवण वाढते, मधला भाग सलग राहतो.

कृष्णाकाठ

आम्ही कोल्हापूरकडचे, आमच्यात वाकळ म्हणतात. माझं मत वेगळं आहे. तुम्ही सगळे नवं कापड सुचवताय. नवं अस्तर जुन्या लुगड्याला लावू नये! माझ्या सासूबाईंच्या साड्यांची वाकळ मी नव्या कोऱ्या जाड मांजरपाटावर शिवली. दोन पावसाळ्यांत वरच्या साड्या टाक्यांच्या रेषेत फाटल्या. खालचा मांजरपाट जसाच्या तसा. साड्यांची आठवण म्हणून शिवली आणि उरला मांजरपाट. फार वाईट वाटलं.

कपाशीवाला_चोपडा

साड्या मुळातच विरलेल्या असतील.

कृष्णाकाठ

विरलेल्या नव्हत्या. मी उजेडात धरून, ओढून बघितल्या होत्या.

सुई_दोरा (धुळे)

कृष्णाकाठ ताईंचं खरं आहे, आणि ही गोष्ट माझ्या आधीच्या उत्तरात यायला हवी होती. गोधडी ओली झाली की तिचं वजन किती वाढतं ते धुणाऱ्यालाच ठाऊक. पिळताना, दोरीवर टाकताना तो सगळा ताण टाक्यांवर येतो. दोन्ही बाजू सारख्या मऊ असतील तर ताण वाटला जातो. एक बाजू ताठ आणि दुसरी नरम असली की नरम बाजू हरते. त्यात ताठ कापड न धुता लावलं असेल तर पहिल्याच धुण्यात ते आटून वरच्याला खेचतं.

दोऱ्याचंही तेच. नायलॉनचा दोरा मजबूत म्हणून लोक घेतात. तो जुन्या लुगड्याला चाकूसारखा कापतो. सुती दोरा घ्या. उद्या काही तुटायचंच असेल तर दोरा तुटू दे, दोरा परत घालता येतो.

ताई, तुम्ही पातळ विणीचा मांजरपाट बघा, आणि एकदा नाही, तीन-चार वेळा धुवा. जमलं तर महिनाभर पलंगपोस म्हणून अंगाखाली वापरा, मग शिवा.

तापीकाठ

हाई बठ्ठं खरं शे, म्हणजे हे सगळं खरं आहे. आमची माय नवं कापड आधी वर्षभर घोंगडीखाली अंथरायची, आणि मग गोधडीला घ्यायची. आम्हाला वाटायचं, विसरली.

कारवारची_माहेरवाशीण

विषय थोडा बाजूला नेते. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, ती पाहिली आहे. त्यात आधी जुनी साडी अंथरतात, तेच अस्तर. मग एका कोपऱ्यापासून तुकडे मांडत कडेकडेने शिवत आत मध्याकडे जातात. वरचे तुकडे आणि खालची साडी एकाच टाक्यात बांधली जातात. शेवटी चारही कोपऱ्यांवर घडी घातलेले कापडाचे तुकडे फुलासारखे लावतात. त्याशिवाय कवंदी पूर्ण झाली असं त्या मानत नाहीत. सगळं अस्तरापासून सुरू होतं हे मला फार आवडलं.

त्यावरून सुचलं, ताईंच्या चार लुगड्यांतलं एक लुगडंच अस्तराला का नाही? नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर. पावणेतीन मीटरचे तीन तुकडे होतात. दोन जोडले की ६४ बाय ९४ सहज निघतं, तिसरा तुकडा आतल्या थराला. खर्च शून्य.

पारोळ्याची_सून

सगळ्यांचे आभार. काल रात्री सगळं दोनदा वाचलं.

कारवारच्या ताई, चारपैकी दोन लुगडी धड आहेत, दोन मध्ये विरलेली. धड दोन वर येतील, विरलेल्या दोन आत. अस्तराला लुगडं लावलं तर आतला थर कमी पडतो आणि डिसेंबरात आमच्याकडे गारठा कमी नसतो. म्हणून अस्तर विकतचं घेणार.

आणखी एक विचारते. एका विरलेल्या लुगड्याचा लाल काठ अजून ठणठणीत आहे. मधल्या पट्टीत तो घेतला तर रंग उतरेल का? मीठ-तुरटीच्या पाण्यात बुडवून ठेवू का?

केळीबाग_रावेर

मीठ घाला, आमच्याकडे सगळे घालतात. रंग पक्का होतो.

सुई_दोरा (धुळे)

मिठाने सुटा रंग पक्का होत नाही. जो रंग धाग्याला धरलेला नाही तो निघून जाईपर्यंत धुणं हाच उपाय. कोमट पाण्यात साबण घालून अर्धा तास ठेवा, पाणी बदला, परत ठेवा. शेवटी ओला काठ पांढऱ्या रुमालात गुंडाळून वर इस्त्री फिरवा. रुमाल पांढरा राहिला तर घ्या. डाग पडला तर तो काठ अस्तरात नको, घामाने रंग पाठीला लागेल.

गिरणाई

दुकानाचं कोणी सांगितलं नाही. जळगावला असाल तर फुले मार्केट, धुळ्याला आग्रा रोडच्या बाजूच्या गल्ल्या. साड्यांच्या मोठ्या दुकानात मांजरपाट विचारू नका, ते आत जाऊन कुठून तरी आणतात आणि भाव चढवतात. जिथे अस्तर, पिशव्या, मंडपाचं कापड मिळतं तिथे जा. मालेगावला कोणी जात असेल तर आणायला सांगा, तिथे यंत्रमागाचा माल जवळच असतो.

अमळनेरकर

आमच्या आजोबांनी प्रताप मिलमध्ये हयात घालवली. घरात मिलचं कापड असायचं, आणि माझ्या आईच्या लग्नात दिलेल्या गोधडीचं अस्तर तेच होतं. ती गोधडी अजून आमच्याकडे आहे. आई गोधडीची खालची बाजू आधी दाखवायची, मग वरची. इथली चर्चा वाचली आणि काल पेटी उघडून ती बाहेर काढली. जोड बघितला. आडवाच आहे, आणि मध्यापासून बाजूला.

कपाशीवाला_चोपडा

अमळनेरकर, फोटो टाका की.

अमळनेरकर

आईला विचारून टाकतो. गोधडी तिची आहे.

पारोळ्याची_सून

सतरा दिवसांनी परत आले. काय झालं ते सांगते.

धुळ्याला भावाकडे गेले होते, तिथून ४४ पन्ह्याचा मांजरपाट साडेतीन मीटर आणला. ५८ रुपये मीटर, दोनशे तीन रुपये झाले. पहिल्या दुकानातला मुठीत चोळल्यावर भुरभुर पांढरा झाला, तो ठेवून दिला. दुसऱ्या दुकानात धागा ओढून जाळून बघितला. दुकानदार म्हातारे होते, त्यांनीच काडी पेटवून दिली.

चार वेळा धुतला. पन्हा ४४ चा ४२ झाला. मग आठ दिवस खाटेवर अंथरला. आधी पोत्यासारखा लागत होता, आता गालाला लावावासा वाटतो. काठ कापून ६४ चे दोन तुकडे केले, मधे आईच्या लुगड्याची बारा इंचाची पट्टी घातली, लाल काठासकट. पूर्ण अस्तर चौऱ्याण्णव इंचाच्या आसपास भरलं. सुई दोरा दादा, तुमचा हिशोब बरोबर निघाला.

काल थर अंथरून चारही बाजूंनी कच्चे टाके घातले. शेजारच्या दोन काकू आल्या, तिघी तीन बाजूंनी बसलो. एक बाजू संपत आली आहे. सुई कुठेच अडत नाही. कृष्णाकाठ ताई, तुम्ही वेळेवर लिहिलंत. नाहीतर मी तो मांजरपाट कोराच लावला असता.

कृष्णाकाठ

वाचून डोळे भरले. तुमची टिको.

केळीबाग_रावेर

काठाचा रंग गेला का?

पारोळ्याची_सून

पहिलं पाणी लाल, दुसरं गुलाबी, तिसरं स्वच्छ. रुमाल पांढरा राहिला.